पाण्याने निघणारा रंग

कपाळावर आडव्या सुरकुत्या चार. चारही जागच्या जागी होत्या. डाव्या गालावर तीळ तीन, तेही होते. नाकावर चष्म्याच्या खाचा दोन. भुवयांमधली उभी आठी तेवढी गायब होती. तिथे नुसता खालचा फिकट थर दिसत होता.

“आई!”

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

“बाबांच्या चित्राला हात कुणी लावला?”

“धूळ बसली होती. ओलं फडकं फिरवलं जरासं. त्यात एवढं ओरडायला काय झालं?”

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. प्रदर्शनाची गाडी खाली येऊन उभी होती. आज चित्र गेलं नाही, तर भिंतीवरची तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती.

“शंभरदा सांगितलंय, हा रंग पाण्याने निघतो म्हणून.”

“मग असला रंग लावायचाच कशाला? बाथरूमच्या भिंतीलासुद्धा याहून पक्का देतात.”

मुलगी संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी दुरुस्त करायची. तिथे एक नियम होता: आपण लावलेलं पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे. पूर्वी कुणीतरी अस्वलाच्या नाकाला दाराचा ऑइलपेंट फासला होता. तो सोडवताना नाकच सुटून तिच्या हातात आलं. तेव्हापासून ती स्वतःची चित्रंही पाण्याने निघणाऱ्या रंगातच काढायची. आणि जे असेल ते काढायची. झिजलेलं, विटलेलं, सगळं.

“अगं, ते अस्वलाचं ऐकून माझे कान किटले,” आई म्हणाली. “ह्यांचं नाक आहे ना जागेवर? मग झालं तर. उलट बरे दिसतायत. नुकतेच झोपेतून उठल्यासारखे.”

“बाबा असे कधी दिसायचे गं? गेले तेव्हासुद्धा कपाळाला आठी होती!”

“दिसायचे. तू झोपलेली असायचीस.”

खाली हॉर्न वाजला. “आले हो, आले!” मुलगी खिडकीतून ओरडली आणि तणतणत टेबलाशी बसली. आठी पुन्हा काढायला फार वेळ लागणार नव्हता. तिने तपकिरी रंग कालवला, सगळ्यांत बारीक ब्रश उचलला. पण भरण्याआधी काय गेलंय ते मोजायचं, ही कामावरची सवय. तिने ब्रश खाली ठेवला, डोळ्याला भिंग लावलं आणि चित्रावर मोजपट्टी धरली.

पुसलेला भाग उभा बावीस मिलिमीटर, आडवा नऊ. कडा सरळ. फडक्याचा धागा कुठेही नाही. कान साफ करायच्या काडीला असतो तसल्या कापसाचे तंतू दोन. दोन्ही भुवयांचे केस तिने एकेक करून रंगवले होते. त्यांतला एकही गेला नव्हता.