इवलीशी घंटा

घरात चार मुलगे. "जेवायला या रे" म्हणून हाका मारून मारून आईचा घसा बसायचा, तरी एक पलंगाखाली, एक बाथरूममध्ये आणि उरलेले दोघे एकमेकांच्या उरावर. चर्चमध्ये मात्र तेच चौघे पांढरे झगे घालून वेदीपाशी उभे राहायचे आणि इवलीशी घंटा किणकिणली की एकदम गुडघ्यावर यायचे. "काय गुणी पोरं हो तुमची!" असं मागच्या बाकावरची बाई पुटपुटली की आईच्या पोटात दुखायचं. नऊ-नऊ महिने पोटात वाढवायचं हिने, ढुंगणं धुवायची हिने, आणि ऐकायचं मात्र देवाचं!

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर झग्याची बटणं सोडता सोडता तिने धाकट्याला धरलंच. "एवढीशी घंटा वाजली की देवाचं ऐकता. मग माझंच का नाही रे?"

धाकटा विचारात पडला. "देव रागावला तर काय करेल ते माहीत नाही ना, आई."

"आणि मी रागावले तर?"

"तू ओरडशील. मग परत गरम करून वाढशील."

आईने वळून वेदीकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच तिला देवाची कीव आली.