घरचा वाफा

सून चिमीचे कपडे पिशवीत भरत होती. यापुढे चिमी आजोळी, सुनेच्या आईकडेच राहणार होती, शाळाही तिकडचीच. म्हातारा दारात उभा राहून बघत होता. अंगणात मुलगा टेम्पोत भाजीचे क्रेट चढवत होता. आतल्या बोलण्यात त्याला पडायचं नव्हतं.

म्हाताऱ्याला नात हवी होती, पण अडवायला तोंड नव्हतं. जुलाब-उलट्यांनी पोर पुन्हा पुन्हा आजारी पडत होती. शेवटच्या खेपेला तर सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "भाज्यांना ताजं शेण घालता का?" म्हातारा त्यांच्यावरच भडकला होता. शेणाने कधी कुणी आजारी पडतं?

विकायच्या शेताची गोष्ट वेगळी. तिथे बाहेरून आणलेलं कोंबडीखत पडायचं. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याची अटच होती, की ते ढीग लावून, झाकून, वरखाली करून महिनोन्महिने कुजवायचं आणि मगच शेतात घालायचं. एवढं करूनही म्हाताऱ्याचा त्या खतावर विश्वास नव्हता. नातीसाठी त्याने घरामागे वेगळा वाफा केला होता. रोज सकाळी आपल्या गाईचं ताजं शेण पाण्यात कालवून तो तिथे ओतायचा. पालक काळाभोर आला होता. गाजरांना दोन-दोन पाय फुटायचे, चिमी त्यांना बाहुल्या म्हणायची. म्हातारा गाजर उपटायचा, बाहीला पुसायचा आणि तिच्या हातात द्यायचा. ती तिथेच कडाकडा खायची.

महिनाभर आजोळी राहून ती आज आली होती. गाल वर आले होते.

"तिथे काय खायची?" म्हाताऱ्याने सुनेला विचारलं.

"सगळंच. पालक, कोथिंबीर. गाजरं तर कच्चीच."

"तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली?"

"हो."

"झालं! कुणी कसल्या घाणीत पिकवली असतील, देव जाणे. आणि मी इथे स्वतःच्या हाताने..." त्याने घरामागे बोट दाखवलं. "अगं, तिच्या पोटात वाईटसाईट जाऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप केला ना मी?"

सुनेने हातातला फ्रॉक बाजूला ठेवला.

"ठाऊक आहे, बाबा. त्या दुकानातलं आणायची मलाही धास्तीच वाटायची. मग एकदा कोथिंबिरीची जुडी सोडायला घेतली, तर ती निळ्या चौकडीच्या चिंधीने बांधलेली. तुमचा सदरा. विकायच्या जुड्या बांधायला मीच नव्हता का फाडून दिला?"

 म्हातारा खाटेच्या कडेवर बसला. बराच वेळ त्याने स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. नखांत सकाळचं शेण होतं.

"इथे राहील का गं ती?" त्याने हळूच विचारलं.

"तिला खायला काय घालाल, त्यावर आहे."

म्हातारा उठला. हात स्वच्छ धुऊन अंगणात गेला. मुलाने शेवटची दोरी आवळायला घेतली होती.

"एक क्रेट खाली उतरव रे," तो म्हणाला. "घरात खायला."