आडवी शिंक

"आऽक् छी!"

हैमाचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं होतं. दुसऱ्या पायात चप्पल अजून अर्धीच चढली होती. मागे सात वर्षांची लास्या नाक चोळत उभी होती.

"थांब, अम्मायी." देवापाशी वाती वळत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "शिंक आडवी आली. बस, घोटभर पाणी पी, मग नीघ."

"अत्तय्या, आज नको!"

हैमाचा शकुनबिकुनावर विश्वास नव्हता. पण राजमुंद्रीत वाढलेल्या मुलीचं पाऊल शिंक ऐकली की आपसूक मागे येतंच. उगादीच्या सणापासून हे जवळजवळ रोजचंच झालं होतं. ती निघायला आणि लास्या शिंकायला एकच गाठ. सर्दीचं औषध झालं, उशीची खोळ बदलली, मांजराला घराबाहेर काढलं. शिंक काही हटेना.

तसं तिनं सकाळ सुरळीत व्हावी म्हणून काय कमी केलं होतं? गणवेशाला रात्रीच इस्त्री, दप्तर रात्रीच भरलेलं, पेसरट्टूचं, म्हणजे मुगाच्या डोशाचं, पीठसुद्धा रात्रीच वाटलेलं. तरी उजाडलं की घर दुधासारखं उतू जायचं. ऊठ. दात घास. दूध संपव. हलू नकोस, वेणी सुटेल. मोजा कुठाय दुसरा? घरभर तिचाच आवाज. आणि एवढं सगळं उरकून दाराशी यावं, तर शिंक.

मग ती चटईवर टेकायची. सासूबाई पाण्याचा पेला आणि गुळाचा खडा द्यायच्या, आणि "तोंड उघड" म्हणत पेसरट्टूचा तुकडा कोंबायच्या. लास्या मांडीत शिरून हलणारा दात दाखवायची. हैमा "हं, हं" करायची. डोळे घड्याळाकडे.

कारण ती जिथं रक्त काढायची, त्या लॅबच्या बाकावर माणसं उपाशी पोटी बसलेली असायची. तपासणीला रक्त द्यायला आलेली, चहासाठी आसुसलेली, चिडलेली. काल डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "उद्या उशीर झाला तर परवापासून येऊच नका." नवरा मस्कतला काम शोधत होता. तोवर चूल या नोकरीवरच पेटत होती.

"बस गं," सासूबाई पुन्हा म्हणाल्या.

"नाही बसत! शिंकू दे तिला, नाही तर सगळ्या गल्लीला शिंकू दे!"

हैमानं चप्पल ओढली आणि ती तरातरा बाहेर पडली. सासूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. त्या घरातून शिंक ओलांडून आजवर कुणी गेलं नव्हतं.

दारात नूकराजूची रिक्षा उभी होती. त्यानं हँडलवरचा हात काढला.

"अक्का, शिंकलं ना कुणीतरी आत? बसा की दोन मिनिटं. तुमचं जाऊ दे, माझी रिक्षा अजून नवी आहे."

"मुकाट्यानं चालव."

त्यानं छातीला हात लावून रिक्षा सुरू केली. ती जेमतेम वळणाशी आली असेल, तोच मागून किंकाळी आली.

"अम्माऽ! अम्माऽ!"

लास्या धावत होती. अनवाणी. दारातल्या रांगोळीतूनच धावली होती, तळवे पांढरे झाले होते. एक वेणी सुटलेली. नूकराजूनं करकचून ब्रेक दाबला.

"खोटी होती!" ती रिक्षेच्या दांडीला लोंबकळत हुंदके देऊ लागली. "शिंक खोटी होती, अम्मा! देवाशप्पथ खोटी! आता तुला काही होणार नाही ना? अपघात नाही ना होणार?"

तिनं मूठ उघडली. घामानं ओली झालेली कापसाची वात. लांब, बारीक, टोकाला पीळ दिलेली.

"ही नाकात घातली की येते," लास्या म्हणाली.

हैमाच्या डोक्यात एकदम जाळ झाला. तो बाक, ते डॉक्टर, रोजची ती धाप! तिचा हात उचलला गेला. लास्यानं डोळे मिटून घेतले. पळाली मात्र नाही.

"का?" हैमाचा आवाज फाटला. "का करत होतीस असं?"

"शिंकलं की तू बसतेस."

हात खाली आला.

"आणि बसलीस की ओरडत नाहीस," लास्या डोळे मिटूनच म्हणाली.

रिक्षा धडधडत होती. हैमानं लेकीला उचललं. पांढरे तळवे तिच्या साडीला टेकले. लास्याच्या कानाशी तोंड नेऊन तिनं हलकेच विचारलं, "कुणी शिकवलं गं तुला हे?"

लास्यानं घराकडे पाहिलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. हातात पाण्याचा पेला. त्यांनी नजर चुकवली नाही.

हैमा परत आली आणि पायरीवर मटकन बसली. आता शिंक नव्हती, तरी बसली. नूकराजूनं रिक्षा मागे घेतली आणि बंद केली. "प्या पाणी, अक्का. बाजारातून न जाता कालव्याच्या कडेनं नेतो. पोचवतो वेळेत."

लास्या मांडीत मुसमुसत होती. हैमानं तिची सुटलेली वेणी हातात घेतली आणि सावकाश, एकेक पेड घालत, सासूबाईंकडे न बघता म्हणाली,

"नोकरी गेली असती माझी, अत्तय्या. पोरीला खोटं शिकवलंत. एवढं नाटक कशाला? सरळ सांगायचंत ना मला, जरा बस म्हणून."

सासूबाईंनी पदरानं नातीचं नाक पुसलं.

"रोज सांगत होते गं. तुला शिंकच तेवढी ऐकू यायची."