चार जळक्या सळ्या

साहेब खोटं बोलले, आणि तेही टाइप करवून. चौकशी दहाला होती. कवडूचा कबुलीजबाब नऊलाच टेबलावर तयार होता.

जबाबाशेजारी चार लोखंडी सळ्या मांडल्या होत्या. हातभर लांब, जळून काळ्या पडलेल्या, मधे वाकलेल्या. काल पाळी सुटल्यावर त्या कारखान्याच्या गेटवर कवडूच्या पिशवीत सापडल्या. गेटवर बाहेर निघताना पिशवी उघडतात, आत शिरताना कोणी बघत नाही. त्यामुळे सळ्या सकाळी बाहेरूनच आत आल्या होत्या, हे गेटच्या शिपायाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते समोर खुर्चीत बसले होते.

कवडू वेल्डर. भंडाऱ्याकडचा. पोलाद कारखान्याच्या तिसऱ्या फर्नेसच्या, म्हणजे भट्टीच्या, बांधकामावर ठेकेदार कंपनीत कामाला. साहेब त्याच कंपनीचे. त्यांच्या बंगल्यामागे मटण भाजायची लोखंडी शेगडी होती, वर सळ्यांची जाळी. दोन वर्षांमागं साहेबांच्या हुकमावरून कवडूनंच ती जोडून दिली, कंपनीच्याच लोखंडाची. रविवारी कारखान्यावरचे रशियन इंजिनियर पाहुणे म्हणून येत. सोमवारी कामावर जायच्या आधी कवडू येई. राख उपसायची, कारण ओली राख लोखंड खाते. जाळी लाल तापवून तारेच्या ब्रशानं घासायची, अर्धा कांदा फिरवायचा, जवसाच्या तेलाचा हात द्यायचा. पाऊस लागला तरी पाहुणे थांबेनात, म्हणून त्यानं वर पत्रा चढवला. बारा महिने शेगडी चालू. ह्या कामाची हजेरी कुठं लागत नव्हती.

काल सकाळी त्यानं जाळीच्या चार खचलेल्या सळ्या काढून नव्या बसवल्या. जुन्या लांब कुठं फेकून दे, असं बाईसाहेब म्हणाल्या. त्यानं पिशवीत टाकल्या आणि तसाच कामावर गेला. घरी त्याची बायको भागीरथा वांगं भरताला थेट निखाऱ्यावर टाकायची आणि बोटं पोळून घ्यायची. तिला लहानशी जाळी होईल, एवढाच त्याचा हिशेब.

नरहरीबाबूंनी कागद वाचून दाखवला. नरहरीबाबू म्हणजे हेडक्लार्क, नागपूरचे, कागद त्यांनीच टाइप केलेला. मी वर्कशॉपमधून लोखंड चोरलं, गुन्हा कबूल आहे, असं त्यात होतं. शिक्षा पंधरा दिवस कामबंदी. सही नसेल तर पोलीस.

"पंधरा दिवस म्हणजे काय रे, सासुरवाडीला जाऊन येशील," नरहरीबाबू म्हणाले. "कर सही अन् मोकळा हो."

पंधरा दिवसांचं कवडूला काही नव्हतं. बांधकाम संपत आलं होतं. ठेकेदाराची माणसं घरी जायची होती, त्यातली निवडक कारखान्यात पर्मनंट व्हायची होती, आणि त्यांची यादी ह्याच टेबलावरून जाणार होती. चोरीचा कागद लागलेला माणूस कोणत्या यादीत बसतो? तीन वर्षं त्यानं साठ हात उंचीवर लटकून वेल्डिंग केलं होतं ते त्या यादीसाठी.

त्यानं विचारलं, सळ्या बंगल्यावरच्या आहेत हे कागदात कावून नाही. नरहरीबाबू पंख्याकडे बघू लागले. वर्कशॉप लिहिलं आहे, तेवढं पुरे, असं साहेब हिंदीत म्हणाले. बंगला लिहिला असता तर पुढचा प्रश्न आला असता, की बंगल्यावर कंपनीचं लोखंड गेलं कसं.

कवडूनं एक सळी उचलली. नखानं खरवडली. काळा चिकट पापुद्रा निघाला, तो त्यानं जबाबाच्या कागदावर ठेवला.

"वर्कशॉपातल्या लोखंडाले मटनाची चरबी लागत नाई, साहेब. वास घेऊन पाहा."

कोणी वाकलं नाही. नरहरीबाबूंनी वास न घेताच नाकाला रुमाल लावला.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीनं बोलायला लागले. तू कारागीर माणूस, रशियन लोकसुद्धा तुझ्या जाळीचं नाव काढतात, सही कर, पुढचं मी सांभाळतो. मग खुर्चीत मागं रेलून, घरच्या गड्याशी बोलावं तसं म्हणाले, "पंद्रह दिन तो खाली ही बैठेगा. बंगले पे आ जाना. सिगड़ी के नीचे पक्का चबूतरा बनाना है. ठंड आ रही है, मेहमान बढ़ेंगे."

नरहरीबाबूंनी मान डोलावली. माणसाची सोय लागली ह्या आनंदानं त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन कवडूच्या हातात दिला.

कवडूनं पेन घेतला. टोपण मागून घेतलं, लावलं, आणि पेन परत टेबलावर ठेवला.

"चबुतरा बांधून देतो, साहेब. पन बंगल्यावर तुमी कोनाले बलावून राहिले, थे सांगा. चोराले का मिस्त्रीले?"

साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई दारात येऊन उभा राहिला. साहेबांनी त्याला हातानंच परत पाठवलं.

"सांगा ना जी," कवडू म्हणाला. "आयकून राहिलो मी."