वेन-चेचं पांढरं कॅबिनेट

"पंप टाकीच्या वर बसवलास?" होंग छिंग-शानने कॅबिनेटमध्ये बोट घातलं. "कुठल्या गाढवाने शिकवलं तुला?"

कारागीर त्सायने मान वर केली नाही. तो सुरीने एक पट्टी कापत होता. "तिथेच जागा होती, होंगदादा."

"पाणी टाकीतून खाली पंपात उतरतं. पंप वर ठेवलास तर कोरडा फिरून बंद पडेल. चाळीस वर्षं या ताइनानमध्ये नळ जोडलेत मी. मला जागा सांगू नकोस."

त्सायने म्हाताऱ्याचा चेहरा बघितला. त्याने पंप काढून खाली लावला.

होंगने प्लॅस्टिकच्या पाकिटातून आराखडा बाहेर काढला. त्याच्या मुलाने, वेन-चेने, स्वतः काढलेला. गेम खेळायचा, पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर. नवं पांढरं रुंद कॅबिनेट, बाजूने आरपार दिसणारं. वर रेडिएटर, समोर उभी टाकी, काटकोनात वळलेल्या चार नळ्या, आत निळं पाणी. दीड वर्षापूर्वी वेन-चेने तो फोनवर पाठवला होता. खाली एकच ओळ होती : बाबा, नळ्यांचा रस्ता बरोबर आहे का, जरा बघाल?

होंगने तो बघितला होता आणि उत्तर दिलं नव्हतं. तिशीला आलेला घोडा, लग्नाचं नाव नाही आणि खेळण्यात पाणी भरतोय, म्हणून त्याचं डोकं फिरलं होतं. तिकडे शिनचूत बसलेल्या पोराला निरोप वाचल्याची खूण दिसली असणारच. त्यानंतर बापलेकांत शब्द नव्हता, आणि आता विचारायची सोयही राहिली नव्हती.

म्हणून महिनाभर तो जेवणाच्या टेबलावर आराखडा पसरून बसला होता. एकेका भागाचं काम त्याने समजून घेतलं. बाजारात जाऊन तसंच कॅबिनेट टेपने मोजलं. मोजून झाल्यावर तो काही न घेता निघाला तेव्हा दुकानदार चार शब्द बोलला. होंगनेही त्याला आठ सुनावले आणि मापं घेऊन त्सायकडे आला.

"आणि हा रेडिएटर रुपेरी का?" त्याने पुन्हा विचारलं.

"पांढऱ्यावर रुपेरी उठून दिसतो."

"आराखड्यात तांब्याचा लिहिलाय. प्रोसेसरवरचा ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा ठेवलास, तर त्यातलं पाणी सहा महिन्यांत अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकेल. पोराला एवढं कळत होतं. तुला कळत नाही?"

"दादा, मला बाकीचीही कामं आहेत. आतलं कोण बघतंय?"

होंगने टेबलावर मूठ आपटली. "तो बघेल! पहिल्यांदा आतलंच बघेल. आणि म्हणेल, बापाला शेवटपर्यंत काही कळलं नाही."

कोपऱ्यातल्या स्टुलावर होंगची बायको श्यौ-चू बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "म्हाताऱ्या माकडा, त्यांच्यावर कशाला ओरडतोस? दीड वर्षापूर्वी एक शब्द लिहिला असतास तर इथे यावं लागलं नसतं."

होंगने तिच्याकडे पाहिलं नाही. राग त्सायवर नव्हता हे त्याला ठाऊक होतं. पण ज्याच्यावर होता त्याला कुठे गाठून ठोकायचं, हे त्याला कळत नव्हतं.

"ऊठ," तो त्सायला म्हणाला. "नळ्या मी करतो."

"तुम्हाला जमणार नाही. हे काम वेगळं आहे."

"ऊठ म्हणतो ना."

त्साय उठला. होंगने चष्मा लावला, बाह्या सारल्या. पहिली नळी वळणावर चिरली. दुसरीही चिरली. तो स्वतःला एवढ्या घाणेरड्या शिव्या देत होता की श्यौ-चूने दार लोटून घेतलं. तिसरी नीट वळली. तीन तासांत चार नळ्या झाल्या, प्रत्येक बरोबर काटकोनात. तोवर त्सायने रेडिएटर तांबूस करून आणला होता.

"खुर्ची, टेबलही देऊ का करून?" निघताना त्सायने विचारलं.

"नको. त्याने एवढंच मागितलं होतं."

"वर नाव-पत्ता मोठ्या अक्षरात लिहा," श्यौ-चू म्हणाली. "दुसऱ्याच कुणी पळवायला नको. आणि शनिवार चुकायला नको."

"शनिवारीच पोचेल, वहिनी. इथून गेलेली वस्तू आजवर कुणी परत पाठवलेली नाही."

शनिवारी सकाळी दोघं मंदिरामागच्या अंगणात आले. होंगने कॅबिनेट वाटेत कुणाला धरू दिलं नव्हतं. ते खाली ठेवून त्याने वाकून चारही वळणं तपासली. एका नळीवर धूळ होती, ती फुंकरीने उडवली.

"बोल त्याच्याशी," श्यौ-चू म्हणाली. "आता तरी बोल."

होंगचा जबडा हलत राहिला. मग तो भांडायला उभा राहिल्यासारखा मोठ्याने म्हणाला, "वेन-चे! नळ्यांचा रस्ता बरोबर आहे. तेव्हाही बरोबरच होता."

एकोणपन्नासाव्या दिवसाच्या श्राद्धाचे मंत्र संपवून पुजाऱ्याने पेटती काडी पुढे केली, आणि होंगने रीतीप्रमाणे कागदाच्या त्या कॅबिनेटचा कोपरा पेटवून ते आपल्या मेलेल्या पोराकडे धाडलं.