धुक्यातला झेल

काशीसमोर, रामनगरच्या बाजूच्या रेतीवर त्या सकाळी इतकं दाट धुकं होतं, की गंगा कुठे संपते आणि रेती कुठे सुरू होते हे पायांनाच विचारावं लागत होतं. केयूर बॅट हातात घेऊन उभा होता आणि बिंदुदादांना सांगायची गोष्ट पुढे ढकलत होता.

सांगायचं एवढंच होतं: "बिंदुदादा, तुम्हाला रामनगरच्या संघाला देतोय. बदल्यात दोन तरणी पोरं मिळतायत." खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संक्रांतीपर्यंत होती आणि संक्रांत उद्यावर आली होती. काशीतल्या ब्रह्मा घाटच्या बेसबॉल संघाने यंदा हरण्याचा जणू नेमच धरला होता. आणखी एक मोसम असाच गेला तर संघ मोडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण हा संघ उभा केला तो बिंदुदादांनी. केयूरच्या हातात पहिल्यांदा ग्लव्ह चढवला तोही त्यांनीच. आता गुडघे वाजायला लागले म्हणून कप्तानाने त्यांना बाजारात मांडायचं? केयूरला स्वतःचीच लाज वाटत होती.

शेजारी रामनगरचा कोच कुशल कानांवरून मफलर गुंडाळून उभा होता. स्पष्टच सांगायचं तर माल बघायला आला होता. त्याच्याकडे धावणारी पोरं ढिगाने होती, पण त्यांच्यात राहून त्यांना खेळ शिकवेल असा एक मुरलेला माणूस नव्हता.

"इस कोहरे में क्या दिखेगा, केयूरजी?" तो कुरकुरला. "और घुटने कैसे हैं उनके?"

तेवढ्यात धुक्यातून बिंदुदादांचा आवाज आला. वेदपाठशाळेत रोज मुलांना संथा देणारा तो आवाज, खणखणीत. "केयूर, गप्पा कसल्या मारतोस? चेंडू मार! उंच मार!"

"दादा, काहीच दिसत नाहीये!"

"तुला कुठे बघायचंय? मार की!"

केयूरने चेंडू वर उडवून बॅट फिरवली. टण्ण. चेंडू पांढऱ्या धुक्यात शिरला आणि नाहीसा झाला. मग काहीच नाही. नदीवर लांब कुठेतरी एका नावेचं इंजिन धडधडत होतं. केयूरने मान खाली घातली.

थप्प.

चामड्यात चेंडू बसल्याचा आवाज. आणि लगेच हाक, "दुसरा!"

कुशलने केयूरच्या हातातून बॅट जवळजवळ हिसकावून घेतली. त्याने मुद्दाम तिरपा, पार उजवीकडे चेंडू मारला. रेतीवर पावलं वाजली. धावल्याची नव्हेत, कुणी भरभर चालत जावं तशी. मग ती थांबली.

थप्प.

"महादेव!" कुशल पुटपुटला.

 मैदानात हे झेल केयूरने कितीदा पाहिले होते आणि दादांची नजर तेज आहे, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. नजरेचं काही नव्हतंच. शाळाभर मुलं एका सुरात म्हणत असताना एकाचा स्वर हलला तरी ज्यांची मान तिकडे वळते, त्या माणसाचे ते कान होते. इतकी वर्षं आपण यांच्याबरोबर खेळलो आणि यांना ओळखलंच नाही, असं त्याला वाटलं.

बिंदुदादा गुडघा चोळत धुक्यातून बाहेर आले. दोन्ही चेंडू त्यांनी कुशलच्या हातात दिले आणि केयूरला चार पावलं बाजूला नेलं.

"सांगून टाक आता. सकाळपासून तुझ्या घशात अडकलंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मग? दुसऱ्या संघाचा कोच एवढ्या थंडीत इथे हवा खायला येतो होय?" बिंदुदादांनी आवाज खाली आणला. "दोघांवर मान डोलावू नकोस. तिसरा माग. त्यांचा तो डावखुरा पिचर सोडू नकोस."

"दादा, मला नाही देववत तुम्हाला."

"मग मी झेलले कशाला रे?"

 बिंदुदादांनी केयूरच्या पाठीवर थाप मारली, तीही जरा जोरातच.

कुशल अजून तिथेच होता. दोन्ही चेंडू बोटांनी फिरवून फिरवून बघत होता. रेती दवाने ओलीचिंब होती, पण चेंडूंवर तिचा एक कण चिकटलेला नव्हता.

"तीन पोरं," केयूर त्याला म्हणाला. 

कुशलने मान वर केली नाही.

"चार ले लीजिए."