योग्य जाडीची वायर

गाडीची वायर निवडणं हे जोखमीचं काम असून ते ऐऱ्यागैऱ्यावर सोपवू नये, असं जावईबापूंचं ठाम मत होतं. म्हणून सेंट्रल लॉक त्यांनी स्वतःच बसवलं, आणि बायकोच्या ऑफिससमोर गाडी थांबताच ते टक् करून लागलं ते लागलंच. जळका वास आला. काचाही त्याच वायरीवर जोडलेल्या, त्यामुळे त्याही खाली येईनात. बढतीच्या मुलाखतीला निघालेली बायको मागे, आणि शेजारी सासरे.

"कितीची वायर घातलीत?" सासऱ्यांनी विचारलं.

"वीस नंबरची. दुकानात त्याहून मोठा नंबरच नव्हता."

"अहो, नंबर वाढला की वायर बारीक होते!"

"असं कुठं असतं का? मग नंबर वाढवतात कशाला?"

"वय वाढलं म्हणून अक्कल वाढते का? तसंच आहे ते!"

"अहो, बाबा, माझं जरा ऐकाल का?" मागून आवाज आला.

"तू मध्ये बोलू नकोस, हा टेक्निकल विषय आहे," दोघं एका सुरात म्हणाले. लग्नानंतर त्यांचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ.

मग लांबी, अँपियर, खानदान असं सगळं निघालं. शेवटी घामाघूम होऊन दोघांनी निवाड्यासाठी मागे पाहिलं. सीट रिकामी होती. ती ऑफिसच्या पायऱ्या चढत होती.



मागच्या दारांपर्यंत वायर पुरलीच नव्हती.